ज्येष्ठमध आणि माझं इंग्रजी

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. आईलाही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — म्हणजे हाही भित्रेपणाच, नाही का?

माझी आत्या लालबागला राहते. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यांत घोषणा देऊन देऊन तिचा आवाज पार बसला होता. काकांना, म्हणजे तिच्या यजमानांना, गिरणीतल्या कुणीतरी ग्रँट रोडचा एक चिनी वैद्य सुचवला. वैद्याला मराठी येत नव्हतं, इंग्रजी मोडकंतोडकं यायचं. आणि आमच्या सगळ्या गोतावळ्यात इंग्रजी शाळेत शिकलेली मी एकटी. म्हणून मला गिरगावातून बोलावून घेतलं.

काका आम्हा दोघींना त्याच्या दुकानात घेऊन गेले. वैद्य म्हातारा होता, शांत होता. त्यानं आत्याची जीभ पाहिली, दोन्ही हातांच्या नाड्या पाहिल्या. मग मधात परतलेल्या मुळीचे पिवळसर काप समोर ठेवले. आत्यानं एक चावून पाहिला. त्या बसक्या आवाजातही तिला टोमणा सुचला — "अगं, हे तर आपलं ज्येष्ठमध. एवढ्यासाठी हा बाबा चीनहून आला?" बाकावरची माणसं हसली. मी म्हाताऱ्याला सांगितलं, ती तुमचे आभार मानते आहे.

पुड्या बांधण्याआधी तो मला म्हणाला, ही मुळी मी सगळ्याच काढ्यांत थोडी घालतो, तिच्यामुळे बाकीची औषधं एकमेकांशी जमवून घेतात; पण घशासाठी पुष्कळ घालावी लागेल. तेव्हा हिला विचार — पायांवर सूज येते का, लघवी कमी होते का? तसं असेल तर ही मुळी द्यायची नाही.

लघवी. हा शब्द काकांसमोर, बाकावरच्या चार परक्या पुरुषांसमोर मी कसा उच्चारायचा? आणि सूज — ती तर विचारायचीही गरज नव्हती. आत्याची जोडवी बोटांत रुतलेली मी दारातच पाहिली होती. मला सगळं दिसतं. मी बोलत नाही, एवढंच.

मी आत्याकडे वळलेसुद्धा नाही. इंग्रजीत म्हणाले, नाही, तसलं काही नाही.

आत्यानं तीन आठवडे काढा घेतला. गोड लागतो म्हणून दिवसातून तीनदा, चारदा. मग तोंड सुजलं, दम लागायला लागला, आणि एका सकाळी ती नळावरच कोसळली. इस्पितळातल्या डॉक्टरांनी विचारलं, अंगावर सूज असताना एवढं ज्येष्ठमध हिला दिलं कुणी?

इथवर चूक म्हणता येईल. लाजरी मुलगी, वय एकोणीस. पण मी हे लिहायला बसले ते एवढ्यासाठी नाही.

दुसऱ्या दिवशी काका आणि चाळीतले पाचसहा जण त्या दुकानात गेले. मला घेऊन — नाहीतर त्याचं बोलणं कुणाला कळणार? काकांनी त्याच्या सदऱ्याची कॉलर धरली. म्हातारा काकांकडे बघत नव्हता. माझ्याकडे बघत होता. अगदी हळू, मला नीट समजावं म्हणून एकेक शब्द सुटा करून तो म्हणाला, "मी विचारलं होतं. ह्या मुलीनं सांगितलं, सूज नाही."

काकांनी मान वळवली. "काय म्हणतोय?"

किती वेळ गेला असेल? एक श्वास. मी म्हणाले, "म्हणतोय, माझी चूक झाली."

त्यांनी खणांचं कपाट आडवं केलं. मुळ्या, साली, वाळलेली फुलं पायांखाली आली. म्हातारा माझ्याकडेच बघत राहिला. मी काय सांगितलं ते त्याला कळलं असावं. महिन्याभरात पाटी उतरली. तो कुठे गेला, मी चौकशी केली नाही.

आत्या वाचली. आवाज परत आला नाही. त्या घोगऱ्या आवाजातच ती आल्यागेल्याला त्या चिन्याची गोष्ट सांगते, आणि शेवटी माझ्याकडे बोट करते — ही होती तिथे, विचारा हिला. मी मान डोलावते.

लालबागच्या त्या चाळीत अजूनही कुणाचं इंग्रजी पत्र आलं की ते माझ्यासाठी राखून ठेवतात. मी गेले की वाचून दाखवते, अर्थ सांगते. कुणीही दुसऱ्यांदा विचारत नाही.