बाईसाहेबांच्या कुंडीतला झाऊ

मामंजी नंदुरबारला रेल्वेच्या एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर माळी होते. बंगल्यामागची खोली आम्हाला त्या कामापायीच मिळाली होती. काम गेलं की खोली गेली, हे सासूबाई रोज एकदा तरी बोलून दाखवत.

साहेबाच्या बाईंनी विलायतेहून दोन कुंड्यांत एका जातीचं झुडूप आणलं होतं. वीतभर उंच, काटक्याच काटक्या. नाव हेदर. ते आमच्या जिभेवर बसेना, म्हणून सासूबाई त्याला हिदरी म्हणत. भादव्यात हिदरीला जांभळट फुलं आली, ज्वारीच्या कण्यांएवढी. बाई सकाळी खुर्ची टाकून तिच्यासमोर बसत. मामंजी त्या कुंड्यांना कुणाला हात लावू देत नसत.

मग बाई महिन्याभरासाठी मुंबईला गेल्या आणि त्याच आठवड्यात मामंजींना हिवताप धरला. ते तापात बरळत होते. पाणी घालायचं काम माझ्यावर आलं. हिदरीसाठी पावसाचं पाणी पिंपात साठवलेलं होतं, पण ते हिरवं पडलं होतं आणि त्यात किडे वळवळत होते. असलं घाण पाणी नाजूक झाडाला कसं घालायचं? मी विहिरीचं ताजं पाणी शेंदून घातलं. शेंडे पिवळे दिसले तेव्हा माहेरी वांग्यांना घालतात तशी चुलीतली राख चाळून मुळाशी पसरली. फुलं तशीच टिकून राहिली. मला वाटलं, माझ्या हाताला गुण आहे.

पंधरा दिवसांनी एक वाळकं पान काढायला हात लावला, तर अख्खी फांदी कुरकुरली आणि फुलांचा भुगा माझ्या मुठीत आला. दुसऱ्या कुंडीतली धरली, तीही तशीच. हिदरी कधीच मेली होती. ती मेल्यावरही तिची फुलं गळत नाहीत, हे मला कोण सांगणार! मी मेलेल्या झाडाला रोज पाणी घालत होते. मी तिथेच खाली बसले.

सासूबाई आल्या, मुठीतला भुगा पाहिला. "अय माय! आते बिऱ्हाड उचला!" म्हणाल्या. मग वाकून त्यांनी एक काटकी मोडून पाहिली. "तुन्हा माहेरले, कोरीटले, तापीमा झाऊ शे ना? तो असाच दिसस. भाऊले सांगी धाड."

"बाईंना कळेल."

"तिले काय कळस! तिनी कधी तापी दखी?"

माझा भाऊ नदीच्या पात्रातले दोन झाऊ मातीच्या गोळ्यासकट गाडीत घालून घेऊन आला. तशीच बारीक पानं, तसेच जांभळट-गुलाबी तुरे. आम्ही दोघींनी ते कुंड्यांत बसवले, कापून बेताचे केले. अंथरुणावरच्या मामंजींना काही सांगितलं नाही.

बाई परतल्या त्या दिवशी मामंजी काठी टेकत पहिल्यांदा बाहेर आले होते. बाई धावतच कुंड्यांपाशी गेल्या. मी पदर ओढून खांबाआड उभी. आता ओरडतील, असं वाटत होतं. पण त्यांचे डोळे भरून आले. "किती मोठा झाला! किती चांगला!" मामंजींनी माझ्याकडे बोट केलं तशा त्या माझ्याजवळ आल्या, माझा हात हातात घेतला. मग कात्रीने एक तुरा कापून त्यांनी कागदात गुंडाळला. "माझ्या आईला. पत्रात."

मी सुन्न झाले. तिकडे कुणी म्हातारी बाई तापीचा झाऊ आपल्या गावचं फूल म्हणून छातीशी धरणार! मी कधी परक्यासमोर तोंड उघडलेलं नव्हतं. तरी बोलले.

"बाईसाहेब, झाऊ."

"हां?"

"झाऊ. झाऊ."

"जाऊ?" बाई हसल्या. "हां, हां, जा. घरी काम असेल. जा!"

आणि कागद घेऊन त्या आत गेल्या.

पण मामंजींनी ऐकलं होतं. ते कुंडीपाशी वाकले, मुळाशी उरलेली राख बोटाने चाचपली, फांदी चोळून वास घेतला. मग माझ्याकडे पाहिलं. वीस वर्षांच्या चाकरीत त्यांनी खोटं केलेलं नव्हतं. ते बंगल्याच्या पायऱ्या चढून गेले.

घरी सासूबाईंनी भांडी पोत्यात भरायला घेतली. मी चुलीपाशी बसले, पण चूल पेटवायचं भान नव्हतं. दिवस मावळताना मामंजी आले.

"सांगी टाकं?" सासूबाईंनी विचारलं.

"सांगाले गयथू. ती पत्र लिखी ऱ्हायनी होती. रडत होती. मन्हा तोंडमाईन शबूदच निंघना नही."

सासरे सुनेशी सरळ बोलत नसत. त्यांनी माझ्याकडे पाठ केली आणि सासूबाईंना म्हणाले, "वहूले सांग, हिदरीले राख चालत नही. झाऊले चालस."

सासूबाईंनी पोत्यातलं पातेलं काढून माझ्यापुढे सरकवलं.