टँकरच्या रांगेतलं अमाइन

एम.एस्सी.ला मी वर्षभर अमाइन नावाची रसायनं बनवली. त्यांत औषधी गुण सापडतील अशी आशा होती. ती उंदरांना टोचली, तर उंदीर ना पेंगुळले, ना तरतरीत झाले. गाइड म्हणाले, "परिणाम नाही, असं लिही." तसं लिहिलं.

अमाइनला नासक्या मासळीचा वास येतो आणि तो कपड्यांत मुरतो. सुट्टीत वाशी तालुक्यातल्या आमच्या गावी गेलो, तर दुष्काळामुळं प्यायलाच पाणी नव्हतं, कपडे कुठले धुणार? वास अंगावरच राहिला.

गावच्या विकास सोसायटीचा टँकर दिवसाआड यायचा. आमचं घर बौद्धांचं. आमच्या घागरी रांगेच्या शेवटी, दहा हात जागा सोडून मांडायची गावाची रीत होती. तिथंच वडलांसोबत उभा राहिलो. वारं फिरलं तशी पुढच्या बायकांनी नाकाला पदर लावले. सोसायटीचे चेअरमन तणतणत आले.

"कशाचा वास हाय ह्यो?"

"औषधाचा. मीच बनवलंय."

"मग जरा लांब उभा ऱ्हा की!"

वडील घागरीवरचा हात न काढता म्हणाले, "लांबच हाय की, चेअरमनसाहेब. अजून किती सरकू?"

चेअरमननी मधल्या मोकळ्या जागेकडं बघितलं आणि परत गेले.

वडील माझ्याकडं वळले. "इतकी वर्षं बिनवासाचंच लांब ठेवलं ह्यांनी. तू उगंच एवढा शिकलास."