पाकिटात निघालेला साबण

बाटलीतल्या साबणानं हात धुताना त्याचा वास आला, की मला ऑपरेशन थिएटरबाहेरचा तो बाक आठवतो.

धाड गावच्या रस्त्यावर यांची जीप उलटली होती. नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर आलं होतं आणि त्याच्या टोकाला काळी माती चिकटली होती. डॉक्टर बोलत होते तेव्हाही मला ती मातीच दिसत होती.

"ताई, अशी जखम साबणाच्या पाण्यानं धुवावी की नुसत्या सलाइननं, म्हणजे मिठाच्या पाण्यानं, यावर आमचं संशोधन चालू आहे. जास्त चांगलं काय, ते अजून कोणालाच माहीत नाही. तुमची तयारी असेल तर बंद पाकिटातल्या चिठ्ठीत जे निघेल तसं धुऊ."

"साबणच निघू द्या, डॉक्टरसाहेब," मी म्हटलं, "माती हाये ना तिथं."

मी सही केली. पाकिटात साबण निघाला. मला इतकं हायसं वाटलं, की मी नर्सबाईंचे हातच धरले.

आठव्या दिवशी पट्टी सोडताना घाण वास आला. डॉक्टरांनी फक्त खिडकी उघडायला सांगितली. पुढे आणखी दोन ऑपरेशनं झाली. पाय वाचला, पण आखूड राहिला.

परवा नर्सिंग शिकणारी मुलगी म्हणाली, "आई, त्या अभ्यासात साबणापेक्षा साधं सलाइनच बरं निघालं. पण बाबाचा पाय त्याच्यानंच चिघळला असं नाही म्हणता येत."

हे अजूनही पाहुण्यांना सांगतात, "हिच्या नशिबानं साबण निघाला, म्हणून माहा पाय राह्यला."

मी चहा पुढे करते आणि हो म्हणते.