कुजबुज आणि फिरता रंगमंच

पडदा वर जातो. समोर लहानसं स्वयंपाकघर. दुपारचं ऊन खिडकीतून थेट ओट्यावर आलेलं. ओट्याच्या टोकाला, डब्यांच्या रांगेला टेकवून ठेवलेला एक लॅपटॉप. त्याच्यापुढे उंच स्टुलावर एक बाई बसली आहे. चष्मा नाकाच्या टोकावर, ओठ हलताहेत, आवाज मात्र नाही. इथे माझा प्रवेश. मी वरच्या मजल्यावर राहतो आणि साखर मागायच्या निमित्ताने खाली येतो.

"आज कोण भांडतंय?"

"दोघं आहेत. एका नदीच्या लांबीवरून."

"मोजा म्हणावं."

"दोघांनीही मोजलेली नाही, म्हणून तर भांडतायत."

ही आमची कुजबुज. नाटक कंपनीत ती प्रॉम्प्टर होती. विंगेत बसून, अडलेल्या नटाला हळूच पुढचं वाक्य द्यायची, म्हणून हे नाव. मी राजे-महाराजे रंगवायचो, म्हणून ती मला अजून 'राजे' म्हणते. त्यात आदर किती आणि टोमणा किती, हे मला आजतागायत कळलेलं नाही. पण नट खरंच अडलाय की ऐटीत थांबलाय, हे ती त्याच्या पाठीकडे बघून ओळखायची. म्हणायची, "आधी दिलं तर नट चिडतो, उशिरा दिलं तर प्रेक्षक हसतात."

कंपनी बंद पडली. भाचीने जुना लॅपटॉप दिला आणि कुजबुज इंटरनेटवरच्या एका ज्ञानकोशात शिरली. तिथे कुणीही लेख लिहावा, कुणीही तो दुरुस्त करावा. मग याचं लिहिलेलं तो उलटवतो, त्याचं हा, आणि जुंपते. हाताबाहेर गेलं की लेखामागच्या चर्चापानावर मध्यस्थाला हाक मारतात. सगळा कारभार टोपणनावांचा. तिथेही ही 'कुजबुज'च.

तिची एक रीत होती. भांडणाऱ्यांना ती सांगे, "आता समोरच्याची बाजू तुम्ही मांडा. अशी मांडा, की त्याला वाटलं पाहिजे, हे मलाही सुचलं नसतं." लोक तणतणायचे, निघून जायचे, परत यायचे. मग लिहायला बसले की लिहिता लिहिता त्यांचा सूर आपोआप उतरायचा.

मी म्हटलं, "नायकाकडून खलनायकाचं भाषण पाठ करून घेतेस तू."

"आपण खलनायक आहोत, हे खलनायकाला कुठे ठाऊक असतं, राजे?"

मग एक दिवस आमच्या जुन्या नाट्यगृहाचा लेख पेटला.

त्या नाट्यगृहात फिरता रंगमंच होता. राजवाडा पाठ फिरवायचा आणि समोर अरण्य उभं राहायचं! मी सिंहासनावर बसून त्याच्यासोबत अंधारात फिरत जायचो. आता तिथे वाहनतळ आहे. उरला तो हा लेख. 'दुर्बीण' नावाच्या एकाने त्यात लिहिलं, की फिरता रंगमंच मालकांनी योजला. आधाराला नाट्यगृहाची छापील स्मरणिका. 'हातोडी' नावाच्या दुसऱ्याने लिहिलं, छे, तो तिथल्या सुताराचा. आधाराला निव्वळ ऐकीव गोष्ट. उलटवाउलटवी इतकी झाली की लेखाला कुलूप लागलं, आणि मध्यस्थ म्हणून कुजबुजला बोलावणं आलं.

तो सुतार म्हणजे कुजबुजचा बाप. ज्ञानकोशात हे कुणालाच माहीत नव्हतं.

आपल्या माणसाच्या वादात मध्यस्थी करायची नाही, हा तिथला नियम. तरी ती हो म्हणाली. "मी मध्ये राहीन. आयुष्यभर विंगेतच राहिले ना?" आणि राहिलीही. पण चर्चा रंगली, हातोडी अडखळायला लागला, आता हा माघार घेणार असं दिसलं, आणि तो काही म्हणायच्या आत हिने वाक्य दिलं: उद्घाटनाच्या वेळची वर्तमानपत्रातली बातमी पाहा, वाचनालयात मिळेल.

हातोडीने बातमी शोधून आणली. यंत्रणा सुताराने बनवली, असं त्यात स्वच्छ छापलं होतं. मी तिथल्या तिथे टाळ्या वाजवल्या. कुजबुज मात्र हलली नाही.

"राजे, मी एकाच बाजूला वाक्य दिलं."

"मग? बातमी खोटी आहे का?"

"बातमी खरी आहे. मी खोटी वागले."

"अगं, पण आता कबूल केलंस तर बातमीवरच शिंतोडे उडतील. बापाचं नाव हातचं जाईल!"

"माहितीये." ती ओट्यावरच्या उन्हाकडे बघत राहिली. "बाबांनी उथळ झाकणात गोट्या पसरल्या होत्या. वर परात ठेवली, परातीत माझी बाहुली बसवली आणि एका बोटाने फिरवली. मला म्हणाले, बघ, बाई जागची हलली नाही आणि घर बदललं. मालक त्यानंतर आले आमच्याकडे."

"मग हेच लिही की!"

"माझे डोळे म्हणजे संदर्भ नव्हे."

तिने सगळं चर्चापानावर लिहून टाकलं आणि मध्यस्थी सोडली. दुर्बीण उसळला. "म्हणजे पंचच खेळाडू निघाला! ती बातमी आधी काढा." नवी मध्यस्थ आली 'खारूताई', कुजबुजच्याच हाताखाली तयार झालेली. तिने गुरूची मुळीच गय केली नाही. "आता तुम्ही पक्षकार. रीत तुमचीच. दुर्बीण यांची बाजू मांडा."

मी पाठीमागे उभा राहून वाचत होतो. तिने लिहिलं, की मालक दूरच्या शहरात तसा रंगमंच पाहून आले होते. सगळे हसत असताना त्यांनी हट्ट सोडला नाही. सुताराला कितीही सुचलं, तरी 'खणा जमीन' म्हणणारा माणूस लागतोच.

"बापाविरुद्ध इतकं सुरेख कशाला लिहितेस गं?"

"वाईट लिहिलं तर ते माझं होईल, त्याचं नाही."

दुर्बीण बरेच दिवस फिरकला नाही. मग एका दुपारी त्याची ओळ आली: "माझ्या आजोबांबद्दल इतकं चांगलं मलाही लिहिता आलं नसतं."

आजोबांबद्दल! खारूताईने खाली लिहिलं, "म्हणजे दोघंही घरचेच! धन्य आहे."

नातू मग स्वतः वाचनालयात गेला. बातमी वाचली, आणि लेखासाठी मसुदा त्यानेच दिला. खारूताईने तो तपासून लेखात घातला. मी तो कुजबुजच्या स्वयंपाकघरात, दरबारात वाचावा तसा खड्या आवाजात वाचला. रंगमंच बसवण्याचा निर्णय मालकांचा. यंत्रणा सुताराची. त्याचं नाव, आडनावासकट. आणि शेवटी, मूळ कल्पना कोणाची, याचा पुरावा उपलब्ध नाही.

कुजबुजने चष्मा काढला आणि पदराने पुसत बसली. काचा केव्हाच स्वच्छ झाल्या होत्या.

मलाच राहवेना. "पुरावा उपलब्ध नाही म्हणे! आणि ती परात? त्या गोट्या? बाहुली? ते सगळं कुठे गेलं?"

तिने लॅपटॉप मिटला. ओठ आधी नुसते हलले, जुन्या सवयीने. मग आवाज आला.

"ते तुम्ही लिहा, राजे. नटाकडे पुरावा मागतो कोण?"