मला उद्देश सापडला म्हणतात

गेल्या वर्षी शिनोलीत बायकांसाठी योगवर्ग निघाला. घोडेगावहून एक मॅडम स्कूटीवर शिकवायला यायच्या. गुडघे दुखत होते म्हणून मीही नाव दिलं. पहिल्या दिवशी आसन राहिलं बाजूला, हातात फॉर्म आला. त्यात एक प्रश्न होता: तुमच्या आयुष्याला उद्देश आहे का? घरी आणून नवऱ्याला विचारलं.

"हाय म्हणून लिही की. आमी काय मेलोय का?"

मी 'पूर्णपणे आहे'वर खूण केली.

मग तीन महिने रोज सकाळी देवळाच्या सभामंडपात हातपाय ताणले. गुडघ्यांना आराम पडला. पंचाईत झाली ती शवासनात. दहा मिनिटं नुसतं पडून राहायचं! आजारपण सोडलं तर लग्नानंतर मी दिवसाउजेडी अशी कधी आडवी झाले नव्हते. सुरुवातीला झोप लागायची. पुढं ती लागेना आणि डोक्यात यायला लागलं, दिवसभर मी जे करते त्यातलं मला काय हवंय? आवडती भाजीसुद्धा आठवेना. आमच्याकडे नवऱ्याच्या आवडीची होते, आणि मी ती आवडीनं खाते असं सगळे म्हणतात.

शेवटी तोच फॉर्म पुन्हा आला. या वेळी मी 'माहीत नाही'वर खूण केली. मॅडमचा चेहरा पडला.

"ताई, योगानं उद्देश वाढतो. तुमचा कमी कसा झाला?"

"आधीचा माझा न्हवता, मॅडम. मालकांनी सांगितलेला व्हता."

"हे फॉर्म वर पाठवायचेत. तेवढं बदलून द्या ना."

मी दिलं नाही. मग त्यांनीच माझ्यादेखत खूण खोडून 'पूर्णपणे आहे'वर केली आणि समारोपाला सगळ्यांच्या घरच्यांसमोर मला उभं करून माइकवर सांगितलं, "या ताईंना इथे जीवनाचा उद्देश सापडला." टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात नवऱ्यानं वाजवल्या. जणू सत्कार त्याचाच होता.

वर्ग संपला, पण मी रोज सकाळी ओटीवर चटई टाकून पडते. पहिल्या दिवशी नवरा डोक्याशी येऊन उभा राहिला.

"चहाचं काय?"

"पातेलं फळीवर हाय."

तो आता पाहुण्यारावळ्यांना सांगतो, योगानं आमची बाई लई बिघडली. परवा शेजारी राहणारी माझी जाऊ काखेत चटई घेऊन आली.

"मला बी शिकवा की, जाऊबाई."

"गुडघे दुखतात?"

"न्हाई. मला फकस्त ते पडायचं शिकायचंय."