मॅडम शिकवत नाहीत

पदार्थविज्ञानाच्या मॅडमविरुद्धचा अर्ज एकाच वाक्याचा होता: मॅडम शिकवत नाहीत, आमच्याकडूनच शिकवून घेतात. खाली त्र्याहत्तर सह्या. लिहिणारी मुलगी तिसऱ्या बाकावरची. तोंडाळपणामुळे वर्गाने तिचं नाव वकिलीण ठेवलं होतं.

अर्ज विभागप्रमुखांकडे गेला. हे सर तीस वर्षं एकाच वहीतून मजकूर सांगत आले होते आणि मुलं उतरवून घेत आली होती. मॅडमनीही एकेकाळी त्यांच्या तासाला पाच वह्या भरल्या होत्या, पहिला नंबर काढला होता. पुढे स्वतः फळ्यासमोर उभ्या राहिल्यावर कळलं, आपल्याला त्यातलं ओ की ठो समजलेलं नाही. तो राग अजून गेला नव्हता. म्हणून त्या फळ्यावर नुसता प्रश्न लिहायच्या, चौघाचौघांना वाद घालायला लावायच्या आणि उत्तर काही केल्या सांगायच्या नाहीत.

"लोक शिकवायचा पगार घेतात, तू विचारायचा घेतेस," घरी सासूबाई म्हणायच्या.

सरांनी मॅडमना बोलावून घेतलं.

"गप्पांना तास म्हणत नाहीत. मुलांना परीक्षेत लिहायचंय."

"मीही लिहिलं होतं, सर. पैकीच्या पैकी."

"मग?"

"मग काही नाही. लिहिलं होतं, एवढंच."

सरांचा चेहरा ताठरला. "उद्या मी येतो वर्गावर. बघू तुझी मुलं काय शिकलीत."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मॅडमना शेवटच्या बाकावर बसवलं आणि विचारलं, "भांड्यातल्या पाण्यावर तरंगणारा बर्फ वितळला, तर पातळी?"

"तीच राहते," कुणीतरी म्हणालं.

"बरोबर. लिहून घ्या."

सगळ्यांनी सुटलो एकदाचे म्हणत वह्या उघडल्या. वकिलीण तेवढी पेन हलवेना.

"सर, पाणी खारं असेल तर?"

"तरी तीच."

"का?"

"का म्हणजे? वहीत आहे."

"पण बर्फाचं पाणी गोडं. खाऱ्यापेक्षा हलकं, म्हणजे जागा जास्त घेणार. पातळी थोडी वाढेल."

शेजारचा नाही म्हणाला, मागच्या दोघी त्याच्यावर तुटून पडल्या, आणि बघता बघता अख्खा वर्ग चौघाचौघांत हमरीतुमरीवर आला. सर टेबल बडवत राहिले. मॅडमनी मदतीला बोटही उचललं नाही. त्यांना हसू आलं आणि ते त्यांनी लपवलं नाही. सरांनी ते पाहिलं.

शुक्रवारी आदेश निघाला. वर्गात शिस्त नाही, म्हणून हा तिसऱ्या वर्षाचा वर्ग मॅडमकडून काढला. त्यांना पहिलं वर्ष दिलं.

जिन्यात वकिलीण समोर आली.

"परवा चांगलं बोललीस," मॅडम म्हणाल्या.

"त्याचंच भोगतेय. सरांनी डूख धरलाय माझ्यावर, आणि तोंडी परीक्षा त्यांच्याकडेच आहे. तुम्ही सुटलात."

"अर्ज तू लिहिला होतास."

"पुन्हा लिहीन. तुमच्या तासाला डोकं भणभणायचं माझं."

ती खांद्यावरची पिशवी सावरत, मागे न बघता खाली उतरून गेली. मॅडमना तिची कणव आली नाही. एक कानाखाली द्यावीशी मात्र वाटली. त्या तशाच पहिल्या वर्षाच्या वर्गात शिरल्या. साठ मुलं वह्या उघडून बसली होती.

"पेनं खाली ठेवा," मॅडम म्हणाल्या, आणि साठ तोंडं वाकडी झाली.