कुंदाकाकूंच्या शेजारी कोण बसलं होतं?

"सगळे हॉटेलवर पोचले, पण एक बाई कमी आहे. मिसेस साने," लूसिया फोनवर म्हणाली.

लूसिया आमची स्पेनमधली गाइड. मी साउथहॅम्प्टनच्या ऑफिसात ड्यूटी डेस्कवर होते. सहलीत काहीही बिघडलं की फोन जिथे येतो, ती ही खुर्ची.

मिसेस साने म्हणजे कुंदाकाकू. सत्तरी ओलांडलेल्या, नवरा जाऊन काही वर्षं झालेली. कॉव्हेंट्रीच्या मराठी मंडळींचा ज्येष्ठांचा ग्रुप आम्ही दक्षिण स्पेनच्या किनाऱ्यावर नेला होता. एक दिवस बीच, एक दिवस गुहा, आणि आज डोंगरातलं पांढऱ्या घरांचं गाव. काकू त्या गावातच मागे राहिल्या होत्या. ऑगस्टचं ऊन. पाण्याची बाटली, ब्लडप्रेशरच्या गोळ्या आणि रोमिंगच्या भीतीने बंद ठेवलेला मोबाईल, सगळं त्यांच्या पर्समध्ये. पर्स कोचमध्ये, म्हणजे सहलीच्या बसमध्ये, वरच्या रॅकवर सापडली.

"निघताना मोजलं नाहीस?"

"नेहमीसारखं विचारलं. शेजारचा माणूस आहे ना, बघा. सगळे म्हणाले, ऑल हिअर."

ही आमच्या कंपनीची पद्धत. तिला बडी चेक म्हणत. डोकी मोजली की लोकांना शाळेच्या ट्रिपला आल्यासारखं वाटतं, म्हणून ज्याने त्याने शेजारच्याची खात्री करायची. जोडप्यांसाठी हे ठीक आहे. एकटी बाई ही पद्धत बनवणाऱ्याच्या डोक्यातच आली नव्हती. एकटीच्या खोलीचा जादा आकार, सिंगल सप्लिमेंट, तो मात्र बुकिंगच्या दिवशीच आठवणीने लावला होता.

मंडळाचे वैद्यकाका फोनवर आले.

"काका, काकू बसमध्ये नाहीत हे कोणालाच कसं कळलं नाही?"

"अगं, आम्ही पुरुष पुढे, बायका मागे. आम्हाला वाटलं त्या मागे आहेत."

त्यांच्यामागून वैद्यकाकूंचा आवाज आला. "आणि आम्हाला वाटलं पुढे. कुंदाला बस लागते ना. शिवाय सकाळी दरी एकाच बाजूला होती, म्हणून येताना आम्ही सगळ्या जागा बदलल्या. सगळ्यांना दिसायला नको का?"

परतताना दरी आपोआप दुसऱ्या बाजूला येते. म्हणजे जागा बदलून त्याच लोकांनी ती दोनदा पाहिली. हे मी तेव्हा बोलले नाही.

माझा बॉस ग्रॅहम मागे येऊन उभा राहिला होता. "मोठी बाई आहे. टॅक्सी करून येईल. कोच चुकला तर आपलं आपण यायचं, टर्म्समध्येच आहे."

"पर्स कोचमध्ये आहे, ग्रॅहम. टॅक्सी कशाने करेल?"

"कोच परत पाठवता येणार नाही. ड्रायव्हरचे अवर्स संपलेत."

ड्रायव्हरने दिवसात किती तास चालवायचं हे कायद्याने ठरलेलं असतं. त्याबद्दल माझी तक्रार नव्हती.

"मग लूसियाला टॅक्सीने पाठवू."

"पोलिसांना कळव. तासभर वाट बघू."

"ती तुझी आई असती तर तासभर वाट बघितली असतीस?"

"आवाज खाली," ग्रॅहम म्हणाला. मी आवाज खाली केला आणि लूसियाला सांगितलं, लगेच टॅक्सी कर, पर्स आणि पाणी घेऊन जा. पोलिसांनाही फोन केला. ग्रॅहम केबिनमध्ये गेला. नोकरीचं काय होईल हा विचार मनात आला, पण काकूंचा त्याहून जास्त. हे बुकिंग माझ्या ओळखीतून आलं होतं. कॉव्हेंट्रीला त्यांच्या मुलीला काय सांगायचं, याची वाक्यं मी जुळवत बसले. एकही जुळेना.

लूसियाचा फोन आला. "सगळं गाव दुपारचं झोपलंय. दुकानं बंद. पोलीस चौकात बघून गेले. बाई कुठेच नाही."

मी हॉटेलवर वैद्यकाकूंना परत गाठलं. "शेवटचं कुठे बघितलंत त्यांना?"

"चर्चमध्ये. दारात चपला काढल्या तिने. मी म्हटलं, अगं कुंदा, इथे नसतात काढायच्या. म्हणाली, आत देव आहे ना? मग झालं तर. आम्ही आइस्क्रीम खायला गेलो."

"लूसिया, चर्च बघितलंस?"

"कुलूप आहे."

"बाहेर चपला आहेत का बघ. पायरीवर, कोपऱ्यात, कुठेही."

ती चालल्याचा आवाज येत राहिला. मग थांबला. "ब्राऊन सँडल्स. कोणीतरी भिंतीशी नीट जोडून ठेवल्यात."

तिने दार वाजवलं. हाका मारल्या. आतून काही नाही. राखणदाराला घरून उठवून आणेपर्यंत मी फोन कानाला तसाच धरून ठेवला. दार करकरलं.

"बाकावर आडवी आहे," लूसिया म्हणाली आणि तिकडे धावली.

मग पाणी प्यायल्याचा आवाज आला. मग काकूंचा.

"अगं, मी बरी आहे. जरा चक्कर आली म्हणून पडले होते. गारवा आहे इथे. त्या कुलूप लावणाऱ्या माणसाला कोणी रागावू नका हं, मी खांबामागे बसले होते, त्याला दिसले नाही. जेवायला घरी जायचं असेल बिचाऱ्याला."

"तुम्ही हाका नाही मारल्यात?"

"मारल्या की, दारही बडवलं. मग म्हटलं, बसमध्ये कळेलच. मग म्हटलं, कोणाला कळणार? सगळ्या आपापला नवरा बघतील. माझ्या शेजारी कोण बसलं होतं?"

डॉक्टरने ब्लडप्रेशर वाढल्याचं सांगून विश्रांती घ्यायला लावली. दुसऱ्या दिवशीची बोटीची सफर हुकली. वैद्यकाकू त्यांच्यासोबत हॉटेलवर थांबल्या, कोणी न सांगता.

मी एकपानी पत्रक लिहिलं, 'एकट्या बाईलाही डोकं असतं, ते मोजा', आणि ऑफिसात किटलीच्या वर चिकटवलं. ग्रॅहमने ते काढलं. टोन बरोबर नाही म्हणाला. मी परत चिकटवलं, त्याने परत काढलं. पुढच्या सीझनला गाइडांच्या सूचनांमध्ये एक नवी ओळ आली: कोचचं दार लावण्याआधी डोकी मोजावीत. टोन अगदी बरोबर होता.

त्या वर्षी काकू आमच्याकडूनच माल्टाला गेल्या. तिथल्या गाइडला मी सूचनेबाहेरचं एक काम सांगून ठेवलं. डोकी मोजून झाली, की चर्चच्या दारात चपला राहिल्यात का, तेही बघून ये.